किल्ला विकत आणू नका!

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या इमारतीच्या आवारात एक टेंपो थांबला आणि त्यातून एक किल्ला उतरला. प्लॅस्टरचा. बुरूज रंगवलेले, दरवाजा कोरलेला, माथ्यावर झेंडा खोचलेला. दोघा हमालांनी तो उचलून जिन्याखाली ठेवला. ज्या चिरंजीवांसाठी हा गड एवढ्या थाटाने आला, ते साडेचार वर्षांचे गृहस्थ वडिलांचे बोट धरून उभे होते. त्यांनी हळूच तटाला हात लावला, तोच वरच्या गॅलरीतून मातोश्री कडाडल्या, "हात नको लावूस रे, रंग निघेल!"

वाचकहो, ऐन सणासुदीला भांडण उकरून काढते म्हणून रागावू नका. पण माझे भांडण त्या प्लॅस्टरच्या किल्ल्याशी आहे.

मी बालवाडीतली बाई. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शिक्षण म्हणाल तर दहावीपर्यंत, जुन्या माणसांच्या भाषेत मॅट्रिक. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही. पण तीन ते सहा वर्षांची मुले रोज डोळ्यांनी पाहते आणि सांगते, की मातीचा किल्ला ही त्या वयाची मोठी शाळा आहे. दगडविटांचा ढीग, त्यावर ओले पोते, त्यावर चिखल. घमेल्यातली माती पोर दोन्ही हातांनी उपसते. तांब्या भरून, निम्मा सांडत, अंगणभर चालते. पाणी जास्त झाले की बुरूज ओघळतो, कमी पडले की भेगा पडतात. उकिडवे बसते, उठते, पुन्हा बसते. थोरल्यांची बोलणी खाते, तरी जागा सोडत नाही. मग हळीव पेरून रोज सकाळी तोंड न धुता उगवले का ते पाहायला धावते. एवढा व्यायाम, एवढा हिशेब आणि एवढा धीर एका वेळी शिकवणारे पाठ्यपुस्तक मला तरी ठाऊक नाही.

आणि आपण काय करतो? त्याच हातात तिसऱ्या वर्षी पेन्सिल देतो. अहो, मनगटात आठ हाडे असतात. जन्मतः ती हाडे नसतातच, कूर्चा असते. वर्षामागून वर्षे एकेक करून ती हाड बनतात. शेवटचे तयार व्हायला नऊ ते बारा वर्षे लागतात. ज्या हातात अजून हाडे भरायची आहेत, त्या हाताने चार रेघी वहीची पाने भरावीत, ही कुठली घाई? तो हात आधी कणीक मळू दे, शेंगा सोलू दे, दोरीला लोंबकळू दे. लंगडीसुद्धा चौथ्या-पाचव्या वर्षाशिवाय नीट येत नाही. एका पायावर तोल सावरणे हा केवढा उद्योग आहे, हे आपण मोठे झाल्यावर विसरतो. (विश्वास नसेल तर फराळानंतर अंगणात घालून पाहा.)

हे मी साळसूदपणे सांगते आहे असे समजू नका. काही वर्षांपूर्वी एका बालवाडीत मीही हेच पाप केले. चालकांचा हुकूम होता, रोज चार पाने लिहून घ्यायची. पालकांना वही दिसली पाहिजे. एक मुलगा पेन्सिल मुठीत धरी. मी रोज त्याची मूठ उलगडी, बोटे दाबून बसवी. एके दिवशी मी नुसती गोष्ट सांगत त्याच्याजवळ गेले. वही नव्हती, पेन्सिल नव्हती. मला पाहताच त्याने हात चड्डीच्या खिशात घातला तो काही केल्या बाहेर काढीना. ती दिवाळीची सुट्टी लागली आणि पुढे तो आलाच नाही. ती नोकरी मी सोडली, पण तो खिशातला हात अजून दिसतो.

"बाई, पोरे नाचवायला का फी भरतो आम्ही?" असे मला तोंडावर विचारणारे पालक आहेत. त्यांना काय सांगावे? गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांवाचून, शंखशिंपले, बिया, दगड घेऊन काम चालवले. शाळेत मूल येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात गेली. ताराबाईंच्या त्या अंगणवाडीचे नाव आज देशभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात निदान 180 मिनिटे हालचाल व्हावी, त्यातली 60 तरी दमछाक होईल अशी. सरकारचे 2020 चे शैक्षणिक धोरणही खेळातूनच शिकवा म्हणते. आता कागदावर कोणी खेळाच्या विरुद्ध राहिलेले नाही. फलकावर 'खेळातून शिक्षण' लिहायचे आणि आत गॅरेजएवढ्या खोलीत तीस मुलांना रेघांच्या आत रंग भरायला बसवायचे, याला खेळ म्हणतात! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान सांगितले. पण तो कायदा सहाव्या वर्षापासून पुढचा. सर्वांत जास्त धावायचे ज्यांचे वय, त्यांच्या अंगणाची हमी कोणी द्यायची?

घरी आल्यावर मूल सोफ्यावरून उडी मारते, तर त्याच्या हातात मोबाइल देऊन आपण त्याला 'शांत' करतो. मग तेच मूल वर्गात चुळबूळ करते म्हणून तक्रार.

यंदा मी दोन पोती लाल माती सांगून ठेवली आहे. धनत्रयोदशीला सकाळी ती आमच्या जिन्याखाली, त्या प्लॅस्टरच्या गडाच्या पायथ्याशी ओतणार. सेक्रेटरीसाहेब चिडतील, चिडू द्या. झाडू मी मारीन. कपड्यांची काळजी असलेल्या आयांनी माझ्याकडून साबणाची वडी घेऊन जावी. आणि त्या साडेपाच वर्षांच्या गृहस्थांना मी आतापासूनच सांगून ठेवले आहे, की जुनी चड्डी घालून खाली ये.