व्हॉल्व्हइतकीच पेटीही महत्त्वाची



अँप्लिफायरमधले व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) गेले आणि बास गिटारचा गोडवाही गेला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत एकांगी वाटते. १९५२ च्या फेंडर बासमन अँप्लिफायरला १५ इंची एकच स्पीकर होता. १९६९ चा अँपेग एसव्हीटी ३०० वॅटचा, तोही व्हॉल्व्हचाच. या दोघांचा आवाज एका पंगतीत कसा बसवायचा? उलट साठच्या दशकाअखेरचा अकूस्टिक ३६० ट्रान्झिस्टरचा असूनही १८ इंची स्पीकरच्या पेटीमुळे घुमला. व्हॉल्व्हचा आवाज हळुवार फाटतो हे खरे, पण तो शेवटपर्यंत ताणल्यावरच. जत्रेच्या उघड्या मैदानात बासच्या सर्वांत जाड तारेचा ४१ हर्ट्झचा सूर मागच्या रांगेपर्यंत न्यायचा, तर ताकद आणि पेटीच लागते. (एसव्हीटीचे चौदा व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च वेगळाच!)

– एक वाचक, जेऊर (जि. सोलापूर)