‘स्कूल’ या शब्दातील फुरसत



‘स्कूल’ हा इंग्रजी शब्द आज मराठी भाषकांच्या बोलण्यात सहज येतो. त्याचे मूळ मात्र आपल्याला चकित करणारे आहे. ग्रीक भाषेतील ‘स्खोले’ या शब्दापासून तो आला आणि ‘स्खोले’चा पहिला अर्थ होता फुरसत, मोकळा वेळ. उदरनिर्वाहाच्या व्यापातून मोकळे असलेले लोक अशा वेळी विद्वानांशी चर्चा करीत. त्यामुळे त्या चर्चेला आणि पुढे ती जेथे चाले त्या जागेलाही तेच नाव मिळाले. लॅटिनमधील ‘स्कोला’ या रूपातून हा शब्द प्राचीन इंग्रजीत गेला. एका गुरूच्या परंपरेतील विचारवंत किंवा एका शैलीचे चित्रकार यांच्या समूहालाही ‘स्कूल’ म्हटले जाऊ लागले. माशांच्या थव्याला इंग्रजीत जे ‘स्कूल’ म्हणतात, तो शब्द मात्र डच भाषेतून आलेला, निराळ्या कुळाचा आहे.

आपला ‘शाळा’ हा शब्द संस्कृत ‘शाला’पासून आला आहे. ‘शाला’ म्हणजे घर किंवा दालन. पाकशाळा, गोशाळा, धर्मशाळा या शब्दांत तो अर्थ आजही दिसतो. म्हणजे मराठी शब्दाच्या मुळाशी जागा आहे, तर इंग्रजी शब्दाच्या मुळाशी वेळ.

शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, असे काही जण मानतात. हे मत स्वीकारता येत नाही, कारण अर्थ वापराने ठरतो. तरीही व्युत्पत्ती एक उपयुक्त प्रश्न उभा करते: शिकण्यासाठी लागणारा वेळ कोणाला मिळतो?

प्राचीन ग्रीसमध्ये तो प्रामुख्याने स्वतंत्र नागरिक पुरुषांना मिळे आणि त्यांची फुरसत गुलामांच्या व स्त्रियांच्या श्रमावर उभी होती. फुरसतीला श्रेष्ठ मानणाऱ्या ॲरिस्टॉटलनेच ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात गुलामगिरीचे समर्थन केले आहे. ज्याला फुरसत त्यालाच विद्या, असा हा व्यवहार होता.

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या प्रौढांसाठी रात्रशाळा सुरू केली. श्रमिकाला फुरसत मिळेपर्यंत विद्येने थांबायचे नाही, तर त्याच्या सोयीच्या वेळी विद्येनेच त्याच्याकडे जायचे, ही भूमिका त्यामागे दिसते. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे, असे मला वाटते.

तथापि पुस्तक घरी पोहोचले म्हणून वेळही मिळतो, असे नाही. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरकाम आटोपून हे पान वाचत असतील. अभ्यासाचा तास सर्व कामांतून उरला तरच घ्यायचा, असे मानू नये. तो घरात आणि कामाच्या ठिकाणी हक्काने मागावा. त्याच वेळी आपल्या या तासाचे काम कोण उचलते, हेही पाहावे. पतीच्या अभ्यासासाठी पत्नीने एकटीने राबावे आणि तिच्या अभ्यासासाठी मात्र कोणीच हात लावू नये, असे होत असेल, तर ग्रीकांचा तो जुना अन्याय आपल्याच घरात सुरू आहे. कामाची वाटणी झाली, तरच फुरसतीचीही वाटणी होईल.