प्रकृतीची कथा आणि वाग्नर

भिक्खू आनंदाने चांडालकन्या प्रकृतीकडे पाणी मागितले, ही कथा आपल्या वसतिगृहातील मुलांना पाठ आहे. रवींद्रनाथांनी १९३३ मध्ये तिच्यावर 'चंडालिका' लिहिली. त्यापूर्वी, १८५६ मध्ये, जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर याने याच कथेवर एका संगीतनाटकाचा आराखडा केला होता. ते नाटक पुरे झाले नाही. तरी हे वाचून प्रथम आम्हांस आनंदच झाला.

परंतु ज्यू माणसाच्या हातून अस्सल संगीत निर्माण होऊच शकत नाही, असे प्रतिपादन करणारा लेख याच वाग्नरने १८५० मध्ये टोपणनावाने लिहिला, आणि १८६९ मध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. मधल्या काळात, प्रकृतीला संघात घेणारा बुद्ध त्याने वाचला होता. द्वेष मात्र शाबूत राहिला. जन्मावरून पात्रता ठरविणारी ही भाषा आपल्या आजोबा-पणजोबांनी पुरेपूर ऐकली आहे.

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी १९८१ मध्ये इस्रायलमध्ये वाग्नर वाजविला, तेव्हा श्रोत्यांतून तीव्र विरोध झाला. आम्ही ते संगीत ऐकतो. परंतु पुण्याच्या लष्कर भागातील लाल देवळात, १८६७ पासून उभ्या असलेल्या त्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थनेस जाणाऱ्या एखाद्याने ते ऐकण्यास नकार दिला, तर त्याला रसिकता शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाही. मनुस्मृतीतील अनुष्टुभाचे सौंदर्य कोणी आपल्याला समजावू लागला, तर आपण काय म्हणू?

पुढील वर्षी मुलांना प्रकृतीची कथा शिकविताना वाग्नरचा आराखडा आम्ही सांगणार आहोत. त्याच तासाला तो लेखही.