श्रोत्याचा हस्तक्षेप

बिनतारी हेडफोनच्या ॲपमध्ये इक्वलायझर नावाचे जे पान असते त्याला हात लावणे म्हणजे कलावंताच्या कृतीत ढवळाढवळ करणे होय, असे मत संगीतप्रेमी मंडळींत अलीकडे बऱ्याच अभिमानाने मांडले जाते. गवयाने गाइले, ध्वनिमुद्रकाने टिपले, आणि जसे टिपले तसेच ऐकणे हा श्रोत्याचा धर्म. त्यात खर्जाचे वजन वाढवणे किंवा वरच्या स्वरांची धार कमी करणे हा निव्वळ आगाऊपणा, असा या पक्षाचा एकंदर आशय असतो. तो मांडणारे लोक बहुधा जाणकार आणि कानाने तयार असतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. प्रतिपक्षाचा मुद्दा आधी त्याच्या बळकट स्वरूपात मांडावा आणि मगच त्याचा समाचार घ्यावा, ही शास्त्रार्थाची आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. तिला धरून एवढे आरंभीच कबूल करतो की या मताच्या मुळाशी कलेविषयीचा खरा आदर आहे.

परंतु ज्या अस्पर्शित मूळ ध्वनीसाठी हा आदर राखून ठेवलेला आहे, तो ध्वनी श्रोत्याच्या कानापर्यंत कधी आलेलाच नाही. या पक्षाचे बहुसंख्य लोक ज्या माध्यमाला शुद्धतेचा कळस मानतात त्या लाँग-प्लेइंग तबकडीचेच उदाहरण घ्या. तबकडीवर खालचे स्वर आहेत त्याच जोराने कोरले तर सुईची वाट इतके रुंद हेलकावे खाईल की ती शेजारच्या वाटेत घुसावी, आणि वरचे स्वर आहेत तसेच कोरले तर ते पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जावेत. म्हणून कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबायचे, वरचे मुद्दाम उचलायचे, आणि वाजवताना ॲम्प्लिफायरमध्ये नेमके उलटे करून हिशेब जुळवायचा, असा बंदोबस्त अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाने 1954 साली सर्वांसाठी एकसारखा ठरवून टाकला. या दुरुस्तीचे प्रमाणही किरकोळ नाही. श्रवणकक्षेच्या दोन्ही टोकांना ते सुमारे 19-20 डेसिबल भरते. त्यापूर्वी तर प्रत्येक कंपनीचा रिवाज निराळा होता, आणि कोणती तबकडी कोणत्या रिवाजाची हे ओळखून बटण फिरवण्याचे काम श्रोत्याकडेच होते. म्हणजे तबकडीचा कट्टर अभिमानी मनुष्यसुद्धा आयुष्यभर इक्वलायझरमधूनच ऐकत आलेला असतो. फरक इतकाच की तो इक्वलायझर यंत्राच्या पोटात दडलेला असल्यामुळे त्याच्या सोवळ्याला धक्का लागत नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर टोनचे बटण असे, आणि ते हवे तसे फिरवून भाषणे व नाट्यपदे ऐकणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी कलाद्रोही म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज अभियंत्याने बेस आणि ट्रेबल स्वतंत्रपणे कमीजास्त करण्याचे आपले सुटसुटीत मंडल 1952 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केले आणि पुढे ते जगभरच्या घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन बसले, तेही श्रोत्याला ही मुभा असली पाहिजे हे गृहीत धरूनच.

बिनतारी हेडफोनच्या बाबतीत तर हा पूर्वपक्ष अधिकच लंगडा पडतो. या चिमुकल्या उपकरणात ब्ल्यूटूथचा संदेश पकडणारा भाग, तो उलगडणारा भाग, अंकरूप ध्वनीवर संस्कार करणारी चिप, त्या अंकांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करणारा भाग, ॲम्प्लिफायर आणि शेवटी प्रत्यक्ष आवाज काढणारा ड्रायव्हर असा सगळा फौजफाटा असतो; आणि त्या संस्कार करणाऱ्या चिपचे एक प्रमुख काम म्हणजे ड्रायव्हरचे व त्याच्या डबीचे उपजत दोष झाकणे, अर्थात इक्वलायझरचेच. कानावर बसणाऱ्या काही मोठ्या हेडफोनना तारेचीही सोय असते. त्यांतला एखादा बंद ठेवून नुसत्या तारेवर लावून पाहावा. पुष्कळदा तो एकाएकी मलूल, घोगरा, जणू दुसराच कोणी वाटतो, कारण कारखान्याचा तो गुप्त इक्वलायझर त्या क्षणी रजेवर गेलेला असतो. यावरून निघणारे अनुमान असे की ॲपमधल्या सगळ्या पट्ट्या शून्यावर असणे म्हणजे तटस्थता नाही. तो कारखान्याचा हुकूम आहे, आणि आपण त्यावर अद्याप हरकत घेतलेली नाही, एवढाच त्या शून्यांचा अर्थ.

हा हुकूम कोणत्या आधारावर निघतो हेही पाहिले पाहिजे. माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या लांबीमुळे 3,000 हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी तिच्यात आपोआप मोठे होतात. हेडफोन कान झाकून किंवा बुजवून हा नैसर्गिक व्यवहार बिघडवतो, म्हणून त्याने त्या भागात काही भर घालावीच लागते. ती किती असावी याचा शोध हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात पुष्कळ श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकवून घेतला, आणि त्यातून बहुसंख्यांच्या पसंतीची एक रेषा निष्पन्न झाली. हे काम मोलाचे आहे, पण बहुसंख्यांची पसंती ही सरासरी असते, आणि सरासरीच्या मापाचा चष्मा प्रत्येकाच्या डोळ्यांना बसत नाही. शिवाय अनेक उत्पादक त्या रेषेच्याही वर खर्जाचा भाग चढवून ठेवतात. दुकानात मिनिटभर ऐकणाऱ्या गिऱ्हाइकावर जोरकस बेसची छाप लवकर पडते हेच त्याचे कारण असावे, असा माझा तर्क आहे.

येथपर्यंत वाचून ज्यांना आनंद झाला असेल त्या दुसऱ्या पक्षाचाही समाचार घेणे प्राप्त आहे. हा पक्ष सर्व पट्ट्या ढकलून डावे टोक वर, उजवे टोक वर आणि मधला भाग दरीत, अशी आकृती तयार करतो व तिलाच उत्तम ध्वनी समजतो. त्याला पहिले उत्तर अंकगणिताचे आहे. अंकरूप ध्वनीला शून्य डेसिबल हे कमाल छत असते. आजची बहुतेक चित्रपटगीते त्या छताला टेकूनच मुद्रित झालेली असतात, आणि अशा गाण्यात 60 हर्ट्झला 6 डेसिबलची भर घातली की लहरींचे शेंडे छतावर आपटून सपाट होतात व ढोलाच्या थापेऐवजी फाटका आवाज येतो. त्याच 6 डेसिबलसाठी बिचाऱ्या ड्रायव्हरला त्या पट्ट्यात चौपट शक्ती पुरवावी लागते ते निराळेच. दुसरे उत्तर असे की, ज्या दरीत हे लोक मधला भाग लोटतात त्याच भागात मनुष्याचा कंठ राहतो. आणि ‘रॉक’, ‘जॅझ’, ‘पॉप’ अशी नावे देऊन जे तयार नमुने ॲपमध्ये ठेवलेले असतात ते तर तर्कालाच सोडून आहेत. हेडफोनचा दोष गाण्याची जात पाहून बदलत नाही, मग उपाय का बदलावा? त्या यादीत ‘ख्याल’ किंवा ‘नाट्यसंगीत’ असा नमुना अजून आलेला नाही, ही आपल्यावर झालेली कृपाच समजावी.

अर्थात या पक्षाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली असे दाखवून दिले की आवाजाची एकूण पातळी उतरली की माणसाच्या कानाला खालचे स्वर मधल्यांपेक्षा अधिक वेगाने क्षीण वाटू लागतात. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हलक्या आवाजात ऐकणाऱ्याने खर्ज थोडा चढवला तर तो चैन करत नाही. कानाने जे हिरावून घेतले तेच तो भरून काढतो. परंतु हा मनुष्य आवाज वाढवताच ती भर काढून टाकतो, आणि दुसऱ्या पक्षाचे लोक नेमके तेवढे करत नाहीत.

एक तिसराही पक्ष आहे, पण त्याच्याकरिता फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. ध्वनी चांगला हवा तर ब्ल्यूटूथवर ध्वनी आवळून पाठवणारा एसबीसी हा साधा कोडेक सोडून सेकंदाला 990 किलोबिट वाहून नेणारा एलडॅक घ्या, असे तो सांगतो. घ्यावा, त्यात नुकसान नाही. मात्र हेडफोनमध्ये 200 हर्ट्झपाशी 5 डेसिबलचा फुगवटा असेल तर महागडा कोडेक तो फुगवटा साध्या कोडेकइतक्याच इमानाने कानापर्यंत पोचवतो.

आता मंडन. इक्वलायझरला हात लावण्यापूर्वी कानात बसणाऱ्या हेडफोनची रबरी टोपी आपल्या कानाला बरोबर बसते की नाही हे पाहावे. ती जरा सैल असली तरी बेस फटीतून निसटतो, आणि मग मनुष्य पट्ट्या चढवत बसतो. हेडफोन ज्या अवस्थेत नेहमी वापरायचा, म्हणजे बाहेरचा गोंगाट रोखण्याची सोय चालू ठेवून की बंद ठेवून, त्याच अवस्थेत आणि शांत खोलीत हे काम करावे. लोकलच्या डब्यात बसून केलेली जुळवणी ही हेडफोनची न होता डब्याची होते.

परीक्षेसाठी मोठमोठ्या वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका सुचवल्या जातात, पण आमच्या घरातच यापेक्षा सोयीचे साधन आहे. ते म्हणजे ख्यालाच्या आरंभी, गवयाने तोंड उघडण्यापूर्वी, काही क्षण एकटाच वाजणारा तंबोरा. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना तंबोऱ्याच्या रुंद घोडीचे आणि तिच्यावरच्या जवारीच्या दोऱ्याचे हे वैशिष्ट्य नोंदवले की तारेत एरवी जे उपस्वर उमटूच नयेत तेही तिच्यामुळे जोमाने उमटतात. त्यामुळे खालच्या खर्जापासून हजारो हर्ट्झपर्यंतच्या झंकारापर्यंत सगळी श्रेणी एकाच वाद्यात, आणि तीही न बदलता सतत, कानापुढे उभी राहते. काळी एकमध्ये लावलेला पुरुष गवयाचा तंबोरा घ्या. षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे 69 च्या आसपास, पंचमाची तार 104 ची. खर्जाचा तिप्पट कंपनांचा उपस्वर आणि पंचमाच्या तारेचा दुप्पट कंपनांचा उपस्वर हे दोन्ही 208 हर्ट्झपाशी एकत्र येतात. म्हणून ज्या हेडफोनमध्ये 200 च्या आसपास फुगवटा असतो त्याच्यावर तंबोरा ऐकताना पंचम सगळ्यांच्या डोक्यावर बसल्यासारखा गुंजतो, खर्ज आहे असे भासते पण त्याची तार दिसत नाही, आणि पुढे डग्ग्यावरची मींड सुरू झाली की तिची घसरण न कळता नुसता घुमारा कळतो. इथे 3 डेसिबल उतरवून पाहा. गवयाच्या तोंडावरचे फडके कोणीतरी काढून घेतले, असा अनुभव येतो. तसेच जवारीचा झंकार रेशमी न वाटता चरचरू लागला आणि गवयाच्या ‘स’ आणि ‘श’ ने कान टोचू लागले, तर दोष 6,000 ते 8,000 हर्ट्झच्या टापूत शोधावा व तिथेही 2-3 डेसिबलच कमी करावेत. त्याच्याही वरच्या टापूत मात्र फार हुशारी करू नये, कारण तिथला ध्वनी टोपी कानात किती खोल गेली यावरही बदलतो.

कोणता भाग बोचतो हे शोधण्यासाठी एखादी अरुंद पट्टी खूप वर चढवून इकडून तिकडे फिरवण्याची जी युक्ती सांगतात तिच्यावर माझा विश्वास नाही. तितकी चढवली तर कोणतीही पट्टी बोचतेच, आणि निरपराध्याला शिक्षा होते. त्यापेक्षा खालून वर संथ चढत जाणारा एकच साधा स्वर ऐकावा व तो कुठे उगाच उसळतो याचे टिपण करावे. ॲपमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर असेल तर हे काम नेटके होते. जॉर्ज मॅसनबर्ग यांनी 1972 साली मांडलेल्या या प्रकारात पट्टा कुठे धरायचा, किती रुंद धरायचा आणि किती कमीजास्त करायचा हे तिन्ही श्रोत्याच्या हाती येते. साध्या ठरीव पट्ट्यांवर जवळपासची पट्टी उतरवून समाधान मानावे. चढवण्यापेक्षा उतरवणे केव्हाही श्रेयस्कर, आणि चढवणे अपरिहार्यच झाले तर प्रीॲम्प या नावाची एकूण पातळी तितकीच खाली आणावी, म्हणजे छत डोक्याला लागत नाही.

न्यायाची मुख्य अट यापुढेच आहे. काही भाग उतरवला की एकूण आवाज लहान होतो, आणि लहान आवाज कानाला नेहमी निकृष्ट वाटतो. तेव्हा नव्याजुन्या जुळवणीची तुलना करताना आवाजाची पातळी आधी समसमान करून घेतली नाही, तर जुना दोष बहुमताने निवडून येतो.

यावर एक शेवटची तक्रार येते, आणि ती सर्वांत चतुर आहे: कान आठवडाभरात कोणत्याही हेडफोनला सरावतो, मग हा खटाटोप कशाला? कान सरावतो हे खरे. पण फुगलेल्या खर्जाने जो बारीक उपस्वर झाकला गेला, तो कानापर्यंत आलेलाच नसतो. जे आलेच नाही त्याला सरावणार कसे? सवयीने खटक जाते, झाकलेले उघडे पडत नाही. उलट, जे मुद्रणातच नाही ते इक्वलायझरही आणू शकत नाही. मुद्रणाच्या वेळीच दाबून सपाट केलेले गाणे कोणत्याही पट्टीने पुन्हा श्वास घेऊ लागत नाही.

त्या पहिल्या पक्षाला मी एक प्रयोग सुचवतो. कलकत्त्यात 1902 साली गौहरजान यांची तबकडी मुद्रित झाली तेव्हा गायिका कर्ण्यात तोंड घालून गात असे, आणि विजेच्या मायक्रोफोनवरचे मुद्रण 1925 साली सुरू होईपर्यंत सर्वत्र हीच रीत होती. त्या कर्ण्यातून 5,000 हर्ट्झच्या वरचे संगीत जवळजवळ उतरतच नसे. त्या टापूत आज ऐकू येते ती लाखेच्या तबकडीची खरखर. कोणत्याही कर्णा-मुद्रिकेवर 8,000 आणि 16,000 च्या पट्ट्या तळाशी न्याव्यात आणि आपण मूळ कलाकृतीतले काय गमावले ते सांगावे. शुद्धतेच्या नावाने जो या पट्ट्या शून्यावरच ठेवतो तो गायिकेपेक्षा लाखेशी अधिक एकनिष्ठ आहे. ही जुळवणी मात्र वेगळ्या नोंदीत जपून ठेवावी, कारण ती त्या तबकड्यांच्या दोषावरचा इलाज आहे. हेडफोनच्या दोषावरची नेहमीची नोंद निराळी असते, आणि हेडफोन बदलला की ती रद्द समजून तंबोऱ्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.