पदवी हाती, अनुभव कुठे?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एखाद्या लेखापालाचे कार्यालय सापडते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने जायचे कोठे?

उत्तर बाजाराने शोधले आहे. काही खासगी केंद्रे इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेतात, काही आठवडे ऑनलाइन व्याख्याने ऐकवतात आणि प्रमाणपत्र देतात. रुग्णाशी गाठ पडतच नाही. दुसऱ्या टोकाला, शाळेत किंवा संस्थेत गेलेल्या विद्यार्थ्यावर लगेच समुपदेशनाची जबाबदारी येऊन पडते. दोन्हीकडे उणीव एकच, पर्यवेक्षणाची.

मानसशास्त्रीय चाचणी कशी घ्यायची, हे वर्गात शिकता येते. पण समोरची व्यक्ती ‘जगावेसे वाटत नाही’ म्हणते, तेव्हा पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, गोपनीयतेचे वचन कोठे थांबते, मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचे, हे जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करूनच अंगवळणी पडते. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचे प्रशिक्षण आवश्यक मानले आहे. नुसत्या एम. ए.वर ही ओळख मिळत नाही. मात्र प्रवेश घेताना अनेकांना याची कल्पना नसते.

हे प्रशिक्षण आजवर प्रामुख्याने दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम. फिल.मधून मिळत आले. जागा मोजक्या, इच्छुक अनेक. त्यात एम. फिल. बंद करण्याचा निर्णय झाला. या विषयापुरती मुदत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत वाढवली. २०२५ मध्येच आयोगाने दूरशिक्षणातून मानसशास्त्र शिकवणे थांबवले. प्रत्यक्ष सरावाविना आरोग्यसेवक घडू नये, ही त्यामागची भूमिका योग्यच. पण नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांचे दार त्याने बंद झाले आणि सरावाच्या जागा तेवढ्याच राहिल्या.

मागणी नाही, असे मात्र मुळीच नाही. बंगळूरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मानसिक आजारांच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले. त्याने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, अशीही अट घातली. करिअरची एवढी मोठी वाट क्वचितच खुली होते. पण प्रशिक्षितांचीच वानवा असेल, तर शाळा मिळेल त्याला नेमतील आणि आदेशाचे पालन कागदावर होईल. त्याची किंमत मोजतील ती मुले.

उपाय आवाक्यातले आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारशास्त्र विभाग आहेत. विद्यापीठांनी त्यांच्याशी करार करून ठराविक जागा राखाव्यात. मात्र मनुष्यबळाअभावी आधीच ताणलेल्या विभागांवर विद्यार्थी नुसते सोपवून भागणार नाही. पर्यवेक्षकांची पदे भरावी लागतील, देखरेखीचे तास त्यांच्या कामात मोजावे लागतील आणि दीर्घ प्रशिक्षण घेणाऱ्यांना विद्यावेतन द्यावे लागेल. डॉक्टर घडवताना समाज हा खर्च करतो. मनाच्या आजारांसाठी तो टाळण्याचे कारण नाही. महाविद्यालयांनीही जेवढ्यांना देखरेखीखालचा सराव देता येईल, तेवढेच प्रवेश द्यावेत. पर्यवेक्षक कोण आणि रुग्ण प्रत्यक्ष भेटणार का, हे दोन प्रश्न इंटर्नशिपचे पैसे भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजेत.

मानसिक आरोग्याविषयी समाज आता मोकळेपणाने बोलू लागला आहे. त्याचे ऐकून घेणारा तितकाच तयारीचा हवा.