हात धुण्यातील समता

व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळातील एका प्रसूतिविभागात एप्रिल १८४७ मध्ये शेकडा १८ माता दगावल्या. मे महिन्यात डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. जुलैत हे प्रमाण शेकडा २ च्या आत आले. तरीही अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांनी हा उपाय झिडकारला. आपलेच हात मृत्यू वाहून नेतात, हे त्यांना मानवले नाही.

राणीसावरगावसारख्या गावातील बाळंतिणीचा जीवही याच हातांवर अवलंबून आहे. २०१५ च्या ‘कायाकल्प’ योजनेत एका आरोग्यसंस्थेची तपासणी दुसऱ्या संस्थेतील सहकारी करतात. पण तपासणीच्या दिवशी धुतलेले हात एरवीही धुतले जातील, याची शाश्वती काय? त्यासाठी सहकाऱ्यांनीच रोज एकमेकांकडे लक्ष द्यावे, निनावी नोंद ठेवावी आणि तिच्यावर एकत्र चर्चा करावी. ही नोंद शिक्षेसाठी वापरली, तर ती हेरगिरी ठरेल. सफाई कामगार डॉक्टरांना ‘साहेब, हात धुवायचे राहिले’ असे निर्भयपणे म्हणू शकला, तरच ही पद्धत रुजेल.

अर्थात पाणी व साबण पुरविणे ही शासनाची जबाबदारी आहे. कोरड्या नळासाठी परिचारिकेला दोषी धरणे हा अन्याय होय. साथींनी रुग्ण कल्याण समितीत हे दोन्ही प्रश्न एकत्रच लावून धरावेत.