सिग्नलला मी दिसत नाही

सिग्नल तोडणाऱ्यांना झोडपणारा एक तरी लेख कॉलेजच्या मासिकात असतोच. हा लेख सिग्नल तोडणाऱ्याने लिहिलाय, एवढाच फरक.

एम.एस.साठी अमेरिकेत आल्यावर हौसेने एक सेकंडहँड २५० सीसी मोटारसायकल घेतली. रात्री अकराला लॅबमधून निघायचं आणि घराअलीकडच्या चौकात डावीकडे वळायचं. (इकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावं वळण म्हणजे आपल्याकडचं उजवं वळण. समोरची वाहतूक कापून जावं लागतं.) पहिल्या रात्री थांबलो. आडव्या रस्त्याला हिरवा, समोरच्यांना हिरवा, परत आडव्यांना. माझा बाण लालच. चार मिनिटांनी मागे एक मोटार आली. हायसं वाटलं, पण तो भला माणूस मला जागा देत दहा हात मागेच थांबला. मी हातवारे करून पुढे बोलावतोय आणि तो काच वर करतोय! शेवटी तोडला सिग्नल.

कारण रस्त्याखाली होतं. इथे बऱ्याच चौकांत डांबरात खाच पाडून तारेचे दोन-चार वेढे पुरलेले असतात. त्यातून काही दहा किलोहर्ट्झचा प्रवाह खेळत असतो. वर मोटार आली की तिच्या तळाच्या पत्र्यात एडी करंट तयार होतात, वेढ्याचा इंडक्टन्स कमी होतो, ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी वाढते आणि कडेच्या पेटीतल्या कंट्रोलरला कळतं की कुणीतरी आलंय. म्हणजे इथे वजनाचा संबंध नाही, लोखंडाचाही नाही. ॲल्युमिनियमसुद्धा चालतं. तरी लोक बाईकखाली लोहचुंबक बांधून फिरतात. स्थिर चुंबकाचा इथे काही उपयोग नाही, हे बारावीच्या पोरालाही सांगता येईल.

मग बाईक का दिसत नाही? वेढ्याच्या मधोमध चुंबकीय क्षेत्र उभं असतं आणि बाईकही उभी, अरुंद. ते क्षेत्र तिला बाजूने चाटून जातं. पण बरोबर तारेच्या वर क्षेत्र आडवं असतं. तिथे दोन्ही चाकं खाचेवर ठेवून उभं राहिलं, तर ते चाकांच्या आणि इंजिनाच्या आरपार जातं. लेनच्या मधोमध ऐटीत थांबणारा अडकतो, खाचेवर थांबणारा सुटतो. वायवाला फ्लक्सची व्याख्या घोकून गेलो होतो, तिचा अर्थ त्या चौकात कळला. अर्थात वर नवीन डांबर पडलं की खाच दिसत नाही, आणि पेटीतली सेन्सिटिव्हिटी फारच कमी ठेवली असेल तर तारेवर उभं राहूनही भागत नाही. आमच्या चौकात दोन्ही होतं.

यावर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कायदा केला. मिनेसोटाने २००२ मध्ये सुरुवात केली: दुचाकीस्वार पूर्ण थांबला, वाजवीपेक्षा जास्त वेळ थांबला आणि रस्ता मोकळा पाहून गेला, तर कोर्टात त्याला तसा बचाव करता येतो. विस्कॉन्सिनने पुढे ४५ सेकंद ठरवले, व्हर्जिनियाने २०११ मध्ये दोन मिनिटं किंवा सिग्नलची दोन आवर्तनं. रूममेट म्हणतो, किती समजूतदार कायदा! मला तो अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण मी स्वतः आहे. पहिल्या रात्री चार मिनिटं थांबलो होतो. आठवड्याने दोन मिनिटं. महिन्याने चाळीस सेकंदही नाही. मान वळवायची आणि सुटायचं. एके रात्री समोरून येणाऱ्या पिकअपचा वेग चुकला. माझ्या नंबरप्लेटपासून हातभर अंतरावरून तो गेला. हॉर्नही वाजला नाही, बहुधा त्यालाही तेवढा वेळ मिळाला नसावा.

कायद्याने माझी पावती वाचली असती, मी नाही. यंत्र ज्याने नीट लावलं नाही त्याची चूक झाकायला अंधारात वेगाचा अंदाज मी करायचा, हा कुठला न्याय? त्यापेक्षा कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये केलेला कायदा सरळ आहे: अशा प्रकारचा सिग्नल नव्याने बसवाल किंवा त्याचा डिटेक्टर बदलाल, तर त्याला सायकल आणि मोटारसायकलही दिसली पाहिजे. म्हणजे काम इंजिनीअरच्या अंगावर. तिथेच ते असायला हवं.

(जाता जाता: १९२८ मध्ये बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलरने बसवलेला सिग्नल हॉर्न वाजवला की बदलायचा! खांबावर मायक्रोफोन होता. आपल्याकडे तो सिग्नल किती मिनिटं टिकला असता, याचा हिशोब करायला हरकत नाही.)

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बरेचसे सिग्नल ठरल्या वेळेला बदलतात, नाहीतर मामा शिट्टी मारतो, मग हे इथे कशाला? पण मुंबई-पुण्यात वाहतूक बघून वेळ बदलणारे सिग्नल बसू लागलेत. देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत, आणि शहरी रस्त्यांच्या क्षमतेसाठीच्या आयआरसी १०६-१९९० मध्ये एक दुचाकी म्हणजे अर्धी ते पाऊण मोटार. मोजमापाचं एकक मोटारच! शिवाय आपण दुचाकीवाले गाड्यांच्या फटीतून पुढे जाऊन झेब्रावर उभे राहतो. डिटेक्टर, मग तो तारेचा असो की कॅमेऱ्याचा, स्टॉप लाइनच्या मागेच बघत असेल, तर पन्नास जण उभे असूनही रस्ता रिकामा. याला बेशिस्त म्हणून हात झटकणं सोपं आहे. माझं म्हणणं, सिग्नल ताब्यात घेण्याआधी त्याची चाचणी एका स्प्लेंडरवर घ्या, पाऊस पडत असताना, रात्री.

आमच्या चौकाबद्दल मी शेवटी तक्रार केली. तीन आठवड्यांनी एक तंत्रज्ञ आला, पेटी उघडली, सेन्सिटिव्हिटी एक पायरी वाढवली आणि मला बाईक तारेवर उभी करायला लावली. खाच डांबराखाली गेली होती, म्हणून खडूने खूण करून दिली. अकराव्या सेकंदाला बाण हिरवा. अजून एक पायरी वाढव म्हटलं, तर म्हणाला, नको, शेजारच्या लेनमधली मोटारही यात धरली जाईल. दहा मिनिटांचं काम झालं.

खडू पहिल्या पावसात पुसला गेला. आता मी कडेचा विजेचा खांब धरून अंदाजाने उभा राहतो.